चोडणची संध्याकाळची होडी: पैसे फेरीचे, पाहणं थांबण्यातलं

गोव्यात मांडवी नदीच्या खारफुटीत पक्षी दाखवायला नेणाऱ्या होड्या हिवाळाभर मिळतात. हा आढावा त्यातल्या एका संध्याकाळच्या फेरीचा आहे. होडीवाल्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. या धंद्यातले गुणदोष बहुतेकांचे सारखेच आहेत, आणि होडी कुणाची यापेक्षा ती कशी ठरवली यावर सगळं अवलंबून असतं. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी तीन. सूर्य बुडायच्या आधी होडीवाला योग्य जागी इंजिन बंद करून पाऊण तास थांबला तर चार. न थांबता खाडीतून गरगर फिरवून परत आणलं तर दीड, आणि तो दीडही होडीच्या छताला.

फेरी कुठे होते ते थोडक्यात. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे चोडण बेटावर उतरलं की बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेलं, १.७८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे फिरायला लहान आणि जवळपास सगळंच खारफुटीचं. आतली बांधीव पायवाट सकाळी खंड्या बघायला चांगली. गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला खाडीवरचा खंड्या इथे मिळतो, गोव्यात इतरत्र तो शोधावा लागतो. पण संध्याकाळच्या थव्यांसाठी पायवाट निरुपयोगी आहे. झाडांच्या आत उभं राहिलं की आभाळ दिसतच नाही, आणि रातथाऱ्यावर, म्हणजे रात्री एकत्र झोपायच्या झाडांवर, पक्षी आभाळातूनच येतात. शिवाय खरी गर्दी सुरू होते तेव्हा फाटक बंद व्हायची वेळ झालेली असते. म्हणून होडी.

होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन, वर ताडपत्रीचं छत. बसायला आडव्या फळ्या, मधोमध दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. आठ माणसं बसतात असं सांगतात. दुर्बिणी घेऊन बसायची तर पाच पुरे, नाहीतर एकाच्या कोपराचा धक्का दुसऱ्याच्या दुर्बिणीला लागत राहतो. जीवरक्षक जाकीट सगळ्यांना मिळालं, आणि ते घालायचा आग्रहही झाला. छत उन्हासाठी ठीक आहे, पण डोक्यावरून जाणारे थवे त्याच्यामुळे दिसत नाहीत. चार वाजता उन्हात छत लागतं, साडेपाचला ते नको होतं. गुंडाळता येणारं छत आहे का, एवढं ठरवतानाच विचारावं. इथे ते घट्ट बांधलेलं होतं, म्हणून अर्धा गुण कापला.

आता मुख्य तक्रार, म्हणजे वेळापत्रक. नेहमीची फेरी चार वाजता निघते आणि साडेपाचला धक्क्यावर परत. डिसेंबरात पणजीत सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास, जानेवारीच्या मध्याला सहा बावीसच्या सुमाराला, फेब्रुवारीच्या मध्याला सहा अडतीसच्या आसपास. गायबगळ्यांच्या पहिल्या रांगा सूर्यास्ताच्या तासभर आधी दिसू लागतात, भर येतो तो शेवटच्या वीस मिनिटांत, आणि पोपट तर सूर्य बुडाल्यावरही येत असतात. म्हणजे साडेपाचची परतफेरी ही नाटकाला जाऊन नांदी संपताच उठण्यासारखी आहे. जास्तीचे पैसे देऊन पावणेपाच ते पावणेसात अशी वेळ मागितली की बहुतेक होडीवाले तयार होतात. दर माणशी आहे की अख्ख्या होडीचा, आणि उशिरापर्यंत थांबण्याचे वेगळे किती, हे निघण्याआधी स्वच्छ बोलून घ्यावं. शब्द सरळ असावेत: “बाब, सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास इंजिन बंद करून एका जागी थांबणार का?” नुसतं “पक्षी दाखवा” म्हटलं तर तो आपल्याला पक्ष्यांकडे नेतो, आणि तिथेच बिघडतं.

बिघडतं ते असं. होडीवाल्याचा अनुभव पर्यटकांचा. पर्यटकाला उडणारे पक्षी आवडतात, म्हणून तो झाडांना खेटून इंजिन वाढवतो आणि बसलेले बगळे उठवतो. फोटो मिळतात. पण उठलेला थवा चकरा मारून दुसऱ्या झाडावर बसतो, तिथे जागेसाठी भांडणं होतात, उरलेल्या उजेडात पुन्हा जागा शोधावी लागते. रातथाऱ्याचा उद्देशच कमी श्रमात सुरक्षित रात्र काढायचा, त्यामुळे दिवसभर खाऊन साठवलेलं थोडं तरी या उठबशीत खर्ची पडतं. वारंवार असं झालं तर पक्षी झाडंच बदलू शकतात आणि मग होडीवाल्यालाच ते शोधत फिरावं लागतं. हे त्याला नीट सांगितलं की पटतं, कारण तोट्याचं गणित त्याचंही आहे.

अंतर साठ ते ऐंशी मीटर ठेवावं. मीटर मोजायची गरज नाही, पक्षीच सांगतात. बगळे मान आखडून, पिसं साफ करत बसले असतील तर ठीक. माना ताठ करून सगळे एकाच दिशेला बघू लागले की होडी जास्त जवळ आली. पाणकावळे बसल्या जागी अंग पुढे झुकवून शिटू लागले की पुढच्या क्षणी उडणार. तेव्हा मागे व्हायचं. मागे होणं वल्ह्याने, इंजिनने नव्हे. काही होड्यांत वल्हं नसतंच, किंवा असतं ते जाळ्यांच्या ढिगाखाली दडलेलं. निघण्यापूर्वी ते डोळ्यांनी पाहून घ्यावं. नांगरही पाहावा. ओहोटीच्या पाण्यात इंजिन बंद केलेली होडी दहा मिनिटांत झाडांत जाऊन अडकते, मग पुन्हा इंजिन, पुन्हा आवाज. या होडीत दोरीला बांधलेला दगड होता. मऊ गाळात तो पुरेसा धरतो.

उभं कुठे राहायचं, यात पैसे वसूल होण्याचं निम्मं गुपित आहे. सूर्यास्तापूर्वी होडी रातथाऱ्याच्या पश्चिमेला हवी, म्हणजे ऊन पाठीशी येतं आणि चोचीचा रंग, पायांचा रंग दिसतो. लहान बगळा आणि गायबगळा यांतला फरक इथेच कळतो: पहिल्याची चोच काळी, दुसऱ्याची पिवळी आणि मान आखूड. सूर्य बुडाला की सगळं उलटं. आता झाडांच्या पूर्वेला असलेल्याला पश्चिमेच्या तांबड्या आभाळावर प्रत्येक पक्ष्याची आकृती स्वच्छ दिसते, आणि पश्चिमेला राहिलेल्याला काळ्या झाडांवर काळे पक्षी. दोन्ही साधायचं तर रातथाऱ्याच्या दक्षिणेला, म्हणजे नदीच्या बाजूला थांबावं. उजेड दोन्ही वेळा तिरपा मिळतो, तेवढ्याने भागतं. होडीवाल्यांना ही जागा फार सोपी पडते, तरी कुणी आपणहून तिथे थांबत नाही. इंजिन बंद करून बसायचं म्हणजे त्यांना पाहुण्यांना फसवल्यासारखं वाटतं बहुधा.

नदीच्या बाजूचा एक तोटा आहे: फेरीबोटीची आणि मोठ्या बार्जची लाट. बार्ज गेल्यावर दोनतीन मिनिटं दुर्बिणीला डोळा लावण्यात अर्थ नाही. शनिवार-रविवारी पणजीच्या बाजूने क्रूझचं संगीत समुद्रवाऱ्यावर येतं. पक्ष्यांना त्याची सवय झालेली दिसते, माणसांना होत नाही. कामाच्या वारी जावं.

भरती-ओहोटीकडे दुर्लक्ष केलं तर फेरी फुकट जाते, आणि ठरवताना याचा उल्लेख कुणी करत नाही. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गोव्यात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून उत्तर थोडं अलीकडचं धरायचं. अचूक वेळ हवी तर मुरगाव बंदराचा तक्ता पाहावा. यातून निघतं ते असं: पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास संध्याकाळी खडखडीत ओहोटी असते. आतल्या खाड्यांत होडी शिरत नाही, शिरलीच तर गाळात बसते आणि पाणी वाढेपर्यंत तिथेच राहते. षष्ठी ते नवमी हे दिवस उत्तम, कारण पाणी संध्याकाळी भरलेलं असतं. त्यातही शुक्ल पक्ष निवडावा. शुक्ल अष्टमीला सूर्य बुडताना अर्धा चंद्र डोक्यावर असतो, परतीला टॉर्चची गरज कमी पडते. कृष्ण अष्टमीला चंद्र उगवतो मध्यरात्री.

भरतीचा आणखी एक फायदा आहे. तुतवार, चिखल्या असे चिखलात चरणारे पक्षी झोपेचं वेळापत्रक सूर्यावर कमी आणि पाण्यावर जास्त ठरवतात. चिखल पाण्याखाली गेला की ते जवळच्या खाजनाच्या (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर, मिठागराच्या कडेला, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) भिंतीवर दाटीवाटीने येऊन बसतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. भरती संध्याकाळची असेल तर हे आणि बगळ्यांचा रातथारा असं दोन्ही एकाच फेरीत मिळतं.

येण्याचा क्रम साधारण ठरलेला. आधी गायबगळे, शेतांकडून, पाण्यालगत लांब रांगांनी. मग पाणकावळे, विस्कटलेल्या पाचरीच्या आकारात. घारी आणि ब्राह्मणी घारी उंचावर गोल फिरत जमतात आणि अंधार पडता पडता एकेक करून उतरतात. जंगली मैना थेट झाडावर येत नाहीत. जवळच्या मोकळ्या जागी, तारांवर, माडांच्या झावळ्यांवर आधी जमतात, मोठा गलका करतात आणि मग एकदम आत शिरतात. हिवाळ्यात त्यांच्यात भोरड्या मिसळलेल्या असतात. गुलाबी अंग आणि काळं डोकं ऊन असेपर्यंतच ओळखू येतं, नंतर नुसत्या आकृतीवर मैना कोण आणि भोरडी कोण हे सांगणारा एकतर फार मुरलेला किंवा थापाड्या. पोपट सगळ्यांत शेवटी, वेगात, ओरडत. सगळे आत येत असताना उलट दिशेला, झाडांतून बाहेर, जड पंखांनी आणि “क्वॉक” असा एकच शब्द टाकत रातबगळे निघतात. त्यांची ड्यूटी आता सुरू. ढगाळ संध्याकाळी हा सगळा क्रम दहापंधरा मिनिटं अलीकडे सरकतो, म्हणून आभाळ भरलेलं असेल तर होडी लवकर जागेवर लागायला हवी.

पक्षी एकत्र का झोपतात, हे होडीवर कुणी ना कुणी विचारतंच आणि होडीवाला “थंडी” असं उत्तर देतो. गोव्याच्या हिवाळ्यात थंडी हे कारण फार पुरत नाही. अनेक डोळे, शिकाऱ्याला गोंधळ, पाण्याने वेढलेली झाडं, हे अधिक पटतं. पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी १९७३ मध्ये आणखी एक कल्पना मांडली: रातथारा ही माहितीची जागा आहे. आज पोट भरलेला पक्षी सकाळी कुठे जातो हे बघून उपाशी राहिलेला त्याच्या मागे जातो. यावर पुढे बरेच वाद झाले आणि सगळ्या पक्ष्यांना ती लागू पडत नाही, पण सकाळी गायबगळ्यांचे गट एका दिशेला कसे सुटतात ते पाहिलं की ती आठवते. होडीच्या फेरीत अशी माहिती देणारा कुणी नसतो. माहितगार सोबती हवा असेल तर तो वेगळा शोधावा लागेल, होडीच्या पैशात तो येत नाही.

मोजदाद करायची असेल तर होडी मध्यम जागा आहे. आधी एक रेषा ठरवावी, उदाहरणार्थ नदीतला एखादा खांब आणि पलीकडचा माड यांच्या मधली. ती ओलांडून आत जाणारेच मोजायचे. सुरुवातीला दहा पक्षी नीट मोजून त्या घोळक्याचा आकार डोळ्यांत बसवायचा, मग त्याच मापाने दहा-दहा, थवा मोठा असेल तर पन्नास-पन्नास. दर पाच मिनिटांची बेरीज वेगळी लिहायची. दोघं असतील तर एकाने बगळे घ्यावेत, दुसऱ्याने बाकीचे. एकट्याला हातातला आकडे मोजायचा क्लिकर उपयोगी पडतो, पण त्याचा टकटक आवाज थांबलेल्या होडीत मोठा वाटतो. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते: थवा झाडांवर चकरा मारत असतो आणि तेच पक्षी दोनदा मोजले जातात. रेषेचा नियम पाळला आणि परत बाहेर गेलेले वजा केले तर हे टळतं. अंधारात आलेले सुटतातच, म्हणून आकडा कमीच असतो असं धरून चालावं. शक्य असेल तर पहाटेही मोजावं. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास, पक्षी त्याआधी वीसपंचवीस मिनिटं सुटू लागतात आणि संध्याकाळच्या निम्म्या वेळात झाड रिकामं होतं. पहाटेची होडी मात्र मिळवणं कठीण. मोजणीसोबत सूर्यास्ताची वेळ, ढग, वारा आणि पाण्याची स्थिती लिहिली नाही तर दोन संध्याकाळच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी हा सराव चांगला.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसचीच न्यावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं असलेली. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात, डोळ्यात शिरणारा उजेडाचा गोल तेवढा. दहा बाय बेचाळीसचा ४.२ होतो, म्हणजे संधिप्रकाशात चित्र आधी काळवंडतं, शिवाय होडीच्या हेलकाव्यात दहापट मोठं केलेलं थरथरतं. तिपाईवरचा स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, होडीत आणूच नये. तिपाईचे पाय होडीबरोबर हलतात आणि जागाही जाते. कॅमेऱ्याचा फ्लॅश नको, ड्रोन तर अजिबात नको. बगळे ड्रोनला शिकारी पक्ष्यासारखं घेतात आणि सगळा रातथारा उठतो. पांढरे किंवा भडक कपडे टाळावेत. खारफुटीत संध्याकाळी डास आणि बारीक चिलटं भरपूर, पूर्ण बाह्या घालाव्यात. डासांचं मलम लावलं असेल तर तळहात पुसल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नये, त्यातल्या डीट या रसायनाने रबर आणि प्लास्टिक खराब होतं. भिंगावर खाऱ्या पाण्याचे थेंब उडतात. ते वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासलं तर मिठाचे कण भिंग ओरबाडतात. गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने आधी टिपावं, मग पुसावं.

पैसे कमी असतील किंवा होडीत मळमळत असेल तर पर्याय आहेत. करमळीचा तलाव रेल्वे स्टेशनच्या जवळच आहे. बांधावर उभं राहिलं की होडी लागत नाही, स्कोपही चालतो. हिवाळ्यात तलवार बदकं, भुवई बदकं आणि अडई या बदकांचे थवे तिथे दिवसा विसावलेले असतात. गंमत अशी की अडईचा हिशेब बगळ्यांच्या उलट: ती दिवसा एकत्र झोपते आणि अंधार पडताना शिट्ट्या घालत चरायला निघते. संध्याकाळी तिचं उठणं बघायचं, बसणं नव्हे. बांधावर वाहनं उभी करू नयेत आणि कमळांच्या काठाशी उतरून पक्षी उठवू नयेत, एवढं पाळलं की झालं. कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) यांचे मोठे थवे पाहायचे तर मोरजीला, शापोरा नदीच्या मुखाशी. तिथे वाळूच्या पट्ट्यावर भरतीच्या वेळी कुरव एकत्र बसतात. पण कुत्री आणि पळणारी मुलं थवा सारखा उठवतात, म्हणून माणसं कमी असताना सकाळची भरती गाठावी. या दोन्ही ठिकाणी बगळ्यांच्या रातथाऱ्याची मजा नाही. ती हवी असेल तर होडीला पर्याय फार नाहीत.

कुणासाठी आहे ही फेरी? दुर्बीण आहे, पाऊण तास गप्प बसता येतं, अशांसाठी. लहान मुलं असतील तर चारची नेहमीची फेरीच बरी, खंड्या आणि खारफुटीच्या चिखलात उड्या मारणारे मासे त्यांना जास्त भावतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत यावं. मार्चमध्ये पाहुणे पक्षी निघू लागतात, दर मात्र तोच राहतो.